संदर्भांची सावड

"त्या अंकाचा संपादक मी होतो," समितीतले टिपणीस सर म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं छायाला वाटलं.

मागच्या पडद्यावर तिचा संदर्भ झळकत होता. लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिक, अंक, पानं. सगळं जागच्या जागी. फक्त तसा लेख जगात नव्हता.

"या पानांवर मी भाताच्या बियाण्यावरचा लेख छापला होता. तुम्ही दाखवताय तो लेख तुम्ही वाचलात?"

छायानं मागं वळून पडद्याकडं पाहिलं.

"नाही, सर."

"मग आला कुठून?"

"एआयनं दिला."

समितीतल्या कुणीतरी पेन खाली ठेवलं. गाईड मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

तिला बाहेर बसवलं, मग आत बोलावलं. निर्णय सांगितला. एआय वापरायला हरकत नाही. पण प्रबंधात जे नाव येईल, त्याचं मूळ पान समितीपुढं उघडता आलं पाहिजे. समिती म्हणेल ते पान. दिवाळीआधी पुन्हा सादरीकरण. तेव्हाही असंच निघालं, तर पीएचडीची नोंदणी रद्द.

छाया घारे त्या दिवशी कर्जतला उतरली आणि शेअर रिक्षात पुढं न बसता मागं बसली. पुढं बसलं की रिक्षावाला विचारतो, काय मॅडम, झालं का पीएचडी?

तिचं सासर डोंगराच्या पायथ्याला. बारावीला होती तेव्हा लग्न झालं. बीए सासरी केलं, एमए सासरी केलं. मग खोपोलीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलं तेवढेच तास आपले, सुट्टी लागली की आपण कुणाचे नाही. पीएचडी झाली तर कायम जागेसाठी अर्ज तरी करता येईल, म्हणून चाळिशीनंतर तिनं नाव नोंदवलं. घरातून कुणी आडवं आलं नाही. नवरा मनोज रसायनीच्या कारखान्यात. तो एवढंच म्हणाला, "कर. पण मला वाचायला लावू नकोस."

विषय तिनं घरातलाच घेतला. सावड.

सावड म्हणजे लावणीतली देवाणघेवाण. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस. मधे पैसा येत नाही. ज्याच्या शेतात लावणी, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि स्वतःही चिखलात उतरायचं. लावणीचा दिवस लावणीनंच फिटतो. पावसात माझ्याकडं वाकलीस आणि उन्हाळ्यात मी तुला लाकडं फोडून दिली, असं चालत नाही. छायाची सासू चिंधीबाई लग्न होऊन आली त्या सालापासून सावडीत आहे. मजुरी वाढली, माणसं कारखान्यांत गेली, तरी सावड पुरती मोडली नाही. का मोडली नाही, हा छायाचा प्रश्न.

पण प्रश्नाला हात घालण्याआधी एक प्रकरण लिहावं लागतं. या विषयावर आधी कोणी काय लिहून ठेवलंय, त्याचा आढावा. तिथं छाया अडकली. लेख इंग्रजीत. एक लेख वाचायला तिला आठवडा लागायचा आणि वाचून झाल्यावर कळायचं, तो तिच्या कामाचा नव्हता.

मग तिला एआय सापडलं.

पहिल्या दिवशी तिनं गंमत म्हणून मराठीत विचारलं होतं, सावड म्हणजे काय? उत्तर आलं की सावड हे कोकणातलं सुगीनंतरचं सामूहिक नृत्य आहे. तिनं ते चिंधीबाईंना वाचून दाखवलं. म्हातारी ओटीवर वाल सोलत होती. तिला हसू आवरेना.

"नाच? आमी नाचत व्हतो व्हय चिखलात? कंबरंचा टाका ढिला झाला, तो नाचून झाला काय? इचार त्याला, ढोलकीवर कोण व्हतं!"

छायाही पोट धरून हसली. आणि मग, ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही, तिनं त्याच यंत्राला तेच इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. इंग्रजीत ते फार छान बोलायचं. लेखकांची नावं द्यायचं, साल द्यायचं, पानं द्यायचं. छाया उतरवून घ्यायची. मराठीतली थाप तिनं एका वाक्यात पकडली होती. इंग्रजीतली थाप तिला विद्वत्ता वाटली.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि सरळ मोरीत जाऊन पाय धूत उभी राहिली. पाय धुऊन झाले तरी उभी होती.

"काय गं, तोंड कशापायी पाडलंस?" चिंधीबाईंनी विचारलं.

छायानं सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं.

"नाव सांगितलं त्यानं?"

"हो, आई."

"गाव सांगितलं?"

"तसंच काहीतरी. कुठं छापलंय ते."

"आणि तू इस्वास ठेवलास?"

"सगळं व्यवस्थित होतं हो. नाव, साल, पान…"

चिंधीबाईंनी कपाळावर हात मारला. "सोनालीला स्थळ आलं व्हतं तवा कागुद कसा व्हता? झकास व्हता. पोरगा कंपनीत, घर पक्कं, काय नी काय. तुज्या सासऱ्यानी कागुद बघून पोरगी दिली काय? गावात गेले. शेजारी इचारलं. दुकानात इचारलं. तवा कळलं, कंपनीतून काढून वरीस झालंय." सोनाली म्हणजे छायाची नणंद. तिचं नंतर चांगल्या घरी झालं. "कागुद कोन पण लिवतो गं. चवकशी करायला पाय लागतात."

दुसऱ्या दिवशी छायानं यादी उघडली आणि एकेका संदर्भाच्या गावी जायला लागली. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, नियतकालिकाच्या जुन्या अंकांत, लेखकाच्या विद्यापीठात. काही स्थळं खरी निघाली. काहींच्या गावी त्या नावाचं घरच नव्हतं. दर खोट्या नावाला ती रेघ मारायची आणि मनात म्हणायची, मोडलं.

यादी निम्मी झाली. आढावा लंगडा झाला. आता भरायचं काय?

इथं छायानं जे केलं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं यंत्राला उत्तर मागणं सोडलं. तिनं शब्द मागितला. सावडीचे सगळे नियम तिनं त्याला सांगितले. दिवसाला दिवस, पैसा नाही, लावणीला लावणी, जेवण घरधन्याचं. आणि विचारलं, जगात दुसरीकडं कुठं माणसं असं करतात? तिथं त्याला काय म्हणतात? लेखाचं नाव सांगू नको. फक्त तिथला शब्द सांग.

शब्द आले. नेपाळात पर्म. जपानात युई. पेरूच्या डोंगरांत आयनी.

प्रत्येक शब्द घेऊन ती स्वतः शोधायला गेली. आणि दारं उघडली. खरी दारं. आयनीवर तर ढीग होता. स्पॅनिश लेखाचा सारांश यंत्रानं करून दिला, तिनं मूळ परिच्छेद शेजारी ठेवून शब्दकोशानं ताडून पाहिला. तिथली एक बाई बटाट्याच्या शेतात उभी राहून सांगत होती की माझ्याकडं ती एक दिवस आली, तर मी तिच्याकडं एक दिवस जाणार, पैसे दिले तर ती रागावेल.

छाया उठून स्वयंपाकघरात गेली.

"आई, पेरू म्हणून एक देश आहे. समुद्रापलीकडं. तिथं पण सावड आहे."

"भात लावतात?"

"बटाटे."

चिंधीबाईंनी भाकरी उलटली. विचार केला. "जेवाण कोन घालतं?"

"ज्याचं शेत तोच."

"मग बराबर हाय," म्हातारी म्हणाली. पेरू देश पास झाला.

अडचण पुढं होती. खऱ्या लेखांचा ढीग आता खोट्या यादीपेक्षा मोठा झाला होता. लेख खरा असणं पुरेसं नव्हतं. त्यात खरोखर काय म्हटलंय, हे पानापानाला बघायला हवं होतं. एकटीच्या डोळ्यांनी ते दिवाळीआधी होणारं नव्हतं. कॉलेजचे तास होते. घर होतं. आणि आषाढ लागला, राबाच्या वाफ्यातली रोपं हातभर झाली, लावणी आली.

त्यांच्या शेताची पाळी आली त्या दिवशी वाडीतल्या बाया सकाळीच उतरल्या. छाया रांगेत मधोमध. डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं, हातात रोपांची मूठ. वाकायचं, खोचायचं, मागं सरायचं. डाव्या हाताची बाई जिथं चुकेल तिथं उजव्या हाताची बोलायची. "गं ये, दाट झालं! कोंबडीला दाणं टाकतीस काय?" जेवणाच्या वेळी छायानं मागं वळून पाहिलं. एकटीला आठवडा लागला असता एवढं शेत हिरवं झालं होतं.

ती बांधावर तशीच उभी राहिली. हातातून चिखल गळत होता.

सावडीवर प्रबंध लिहिणारी बाई प्रबंधाचं शेत मात्र एकटी लावत होती.

तिच्या संशोधन केंद्रात आणखी दोघं तिला ओळखीची होती. शगुफ्ता खोपोलीला ग्रंथपाल. मुलींच्या वाचनाच्या सवयींवर तिचं काम. साईराज रसायनीचा, वनस्पतिशास्त्राचा, पाताळगंगेच्या काठच्या झाडांवर लिहीत होता. तिघंही एआय वापरायची आणि तिघंही एकमेकांपासून लपवायची. छायानं दोघांना चौक गावातल्या एका धाब्यावर चहाला बोलावलं आणि सावड मांडली. तीन घरं, तीन पाळ्या. ज्याची पाळी त्याचे संदर्भ, बाकीच्यांचे डोळे. आपलं आपण तपासायचं नाही. जेवण घरधन्याचं.

"पण मला समाजशास्त्र येत नाही, छायाताई," शगुफ्ता म्हणाली.

"तुला यायला नकोय. मी लिहिलंय की अमक्या पानावर अमकं म्हटलंय. तू ते पान उघडायचं आणि तिथं ते आहे का बघायचं. बस."

"आणि ताई, तुम्ही माझी लॅटिन नावं तपासणार?" साईराजला हसू आलं.

"अक्षरं दिसतात मला, बाळा. अजून चष्मा नाही लागला."

"लागेल. माझी यादी बघितली की लागेल."

पहिली पाळी छायाची ठरली, कारण तिची तारीख आधी होती. एका रविवारी दोघं तिच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली. चिंधीबाईंनी वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. मनोज रात्रपाळी करून आला, तिघांना रांगेत माना खाली घालून बसलेलं पाहिलं आणि म्हणाला, "हिला सांगा, दाट लावू नको." आणि झोपायला गेला.

दुपारी शगुफ्ता थांबली.

"छायाताई, तुम्ही लिहिलंय की नेपाळात मजुरीचे पैसे सुरू झाल्यावर पर्म संपलं."

"हो. लेख खरा आहे. मी शोधून काढलाय."

"लेख खरा आहे. पण त्यात असं नाहीये." तिनं स्क्रीन वळवली. "संपलं असं त्यानं दुसऱ्या कुणाचं मत दिलंय. आणि पुढच्याच पानावर ते खोडलंय. तो म्हणतो, पुरुष कामाला बाहेर गेले, तेव्हा बायांनी ते धरून ठेवलं."

छायानं वाचलं. परत वाचलं. यंत्रानं सारांश केला होता. सारांश गुळगुळीत होता. लेखकानं खोडलेलं मतच त्यात लेखकाचं मत होऊन बसलं होतं. आणि पहिली फजिती पचवून शहाणी झालेली छाया तिथं घसरली होती, कारण लेख खरा आहे म्हटल्यावर तिनं पुढचं पान उलटलं नव्हतं.

"हे समितीपुढं निघालं असतं तर…" साईराज म्हणाला.

छाया मात्र उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पडला नव्हता. उलट झालं होतं.

"शगुफ्ता, पुरुष बाहेर गेले आणि बायांनी धरून ठेवलं. आपल्याकडं काय झालं? रसायनी झाली, खोपोलीचे कारखाने झाले. आमच्या सावडीत आज पुरुष किती दिसतात?"

ओटीच्या कडेला भांडी घासत बसलेल्या चिंधीबाईंनी वर पाहिलं. "पुरुस? बैल हाकायला एक असतो. तोबी आता टॅक्टर आला म्हणून नाय."

छायाला तिच्या प्रबंधाचा कणा मिळाला. एका चुकीच्या सारांशाच्या खालून मिळाला. शगुफ्तानं पान उलटलं नसतं, तर तो तिथंच गाडलेला राहिला असता.

पुढच्या पाळ्या खोपोलीला आणि रसायनीला झाल्या. शगुफ्ताच्या आईनं सांदणं वाफवली, आणि छायानं ती इतकी खाल्ली की शगुफ्ता म्हणाली, "ताई, संदर्भ बघा, संदर्भ." साईराज एकटा राहायचा. त्यानं कर्जतचे वडे आणले आणि हे घरचं जेवण मानावं म्हणून हात जोडले. मानलं नाही. त्याच्या नावावर एक जेवण चढलं. मधल्या रविवारी पुन्हा छायाचा ढीग, पुन्हा त्यांचा. रोज कॉलेजात घामाघूम होणाऱ्या तिघांना त्या रविवारांची वाट बघावीशी वाटू लागली, हे नवल त्यांनाही कळेना.

दिवाळीआधीचं सादरीकरण आलं.

तोच हॉल. तेच टिपणीस सर. छायानं हिरवी साडी नेसली होती. चिंधीबाईंनीच काढून दिली होती. लावणीचा रंग, म्हणाल्या.

सरांनी तिची संदर्भसूची पहिल्यापासून बघितली नाही. मधेच बोट ठेवलं.

"हा."

छायानं पान उघडलं.

"हा."

उघडलं.

"हा जपानी आहे. तुम्हाला जपानी येतं?"

"नाही, सर. लेखाला इंग्रजी सारांश आहे. मी तेवढाच वापरलाय, आणि तसं खाली लिहिलंय."

सरांनी खाली पाहिलं. लिहिलेलं होतं. त्यांनी आणखी एकावर बोट ठेवलं, मग आणखी एकावर. पानं उघडत गेली. शेवटी सरांनी चष्मा काढला.

"आणि माझ्या अंकातला तो लेख?"

"ते स्थळ मोडलं, सर."

गाईड मॅडम आधी हसल्या. मग सगळा हॉल हसला. टिपणीस सरही हसले, पण त्यांनी बोट अजून सूचीवरून उचललं नव्हतं.

"एवढं एकट्यानं तपासणं शक्य नाही. कसं केलंत?"

"सावड केली, सर." तिनं मागं बसलेल्या दोघांकडं हात केला. "त्यांनी माझे संदर्भ बघितले. मी त्यांचे."

सर एकदम गंभीर झाले. "मग हा आढावा कुणाचा? तुमचा, त्यांचा, की यंत्राचा? मला हे समितीसमोर विचारावं लागेल."

नोंदणी याच उत्तरावर होती, हे तिघांनाही कळलं.

छाया घाबरली नाही. हा प्रश्न तिला इंग्रजीतून आला नव्हता.

"सर, लावणीला सगळी वाडी येते. म्हणून भात सगळ्या वाडीचा होत नाही. कुठलं बियाणं पेरायचं ते माझं. कुठं काय लावायचं ते माझं. पीक बुडालं तर तेही माझंच. त्यांनी फक्त रोप सरळ लागलंय का ते बघितलं. भात माझा आहे. त्यांचे दिवस माझ्यावर आहेत, ते मी फेडते."

"आणि यंत्र?"

"यंत्राचा दिवस फेडावा लागत नाही, सर. त्याला उद्या माझ्या दारात यायचं नसतं, मला त्याच्या दारात जायचं नसतं. शेजारीण वाकडं लावताना लाजते, कारण उद्या मी तिच्या शेतात असते. यंत्राला लाज नाही. म्हणून त्याला मी कामाला घेते, पण त्यानं लावलेला प्रत्येक वाफा स्वतः फिरून बघते."

टिपणीस सरांनी चष्मा पुन्हा लावला. सूची मिटली.

"पुढे जा," ते म्हणाले. "हे प्रकरण मंजूर."

मग समितीच्या सगळ्या औपचारिकता झाल्या, सह्या झाल्या, चहा आला. शगुफ्ता छायाच्या गळ्यात पडून रडली. साईराज कुणालातरी फोनवर ओरडून सांगत होता, त्याला स्वतःलाच मंजुरी मिळाल्यासारखं. बाहेर जिन्यात टिपणीस सर छायाजवळ येऊन थांबले. त्यांचं एक पुस्तक होतं, निवृत्तीनंतर लिहायला घेतलेलं. त्याची संदर्भसूची फार वाढली होती.

"तुमच्या सावडीत," ते चाचरत म्हणाले, "नवीन माणूस घेता?"

छायानं दोघांकडं पाहिलं. शगुफ्तानं डोळे पुसले आणि ग्रंथपालाच्या आवाजात नियम सांगितला.

"घेतो, सर. पण आधी तुम्ही यायचं. तुमची पाळी शेवटी."

त्या संध्याकाळी छाया शेअर रिक्षात पुढं बसली. रिक्षावाल्यानं विचारायची वाट न बघता तिनंच सांगून टाकलं. तो बिचारा आढावा म्हणजे काय ते न कळूनही घरापर्यंत हॉर्न वाजवत गेला.

चिंधीबाई अंगणात उभ्या होत्या. हॉर्न ऐकूनच त्यांना कळलं होतं. छाया पाया पडली, तर म्हातारीनं तिला उठवलं आणि तोंडात साखर घातली.

"ते संपादक सर पण येतो म्हणतायत सावडीला, आई."

"यिऊ दे की." चिंधीबाई हसल्या. "पन आदी आपल्या हितं जेवाया बोलीव. चवकशी नको करायला?"

रविवारी साईराजची पाळी होती. त्यानं या वेळी खरोखर भात शिजवला होता, थोडा करपलेला. टिपणीस सर रसायनीच्या स्टॉपवर पिशवी घेऊन वेळेआधीच येऊन उभे होते. छायानं त्यांना झाडांच्या लॅटिन नावांचा पहिला ढीग दिला, आपण दुसरा घेतला, आणि चौघांनी माना खाली घातल्या.